पार्बताबाईच्या जिभेवरचा ळ

चांदूर बाजारात भाजी विकणाऱ्या पार्बताबाईची जीभ अस्सल वऱ्हाडी. ळ तिच्या तोंडात कधी टिकलाच नाही. केळीची केयी व्हायची, डोळ्याचा डोया. साठी उलटेस्तोवर त्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं.

मग सून आली. मुलगा श्याम कर्नाटकात गदगकडे एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. तिथल्याच नीलव्वाशी त्यानं लग्न केलं आणि तिला घेऊन गावी परतला. नीलव्वाची भाषा कन्नड. हिंदी मोडकीतोडकी, मराठी नावापुरती. एकदा चुलीवरचं दूध वर येताना पाहून ती अंगणातून "हालु! हालु!" ओरडली. कन्नडात हालु म्हणजे दूध. पार्बताबाईला वाटलं, सून 'हल्लू, हल्लू' म्हणते आहे, म्हणजे हळू या. ती बिचारी निवांत चालत गेली आणि दूध सगळं उतू गेलं. दोघी हसल्या. असं हातवाऱ्यांवर घर चाललं होतं.

नीलव्वाला नववा महिना लागला आणि गदगहून फोन आला. तिचे वडील गेले. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती. ती मळ्यात गेली, मेथीच्या वाफ्याशी बसली आणि "अप्पा, अप्पा" करत वडिलांशीच बोलावं तसं कन्नडात बोलत रडू लागली. शेजारणी आल्या, मराठीत समजूत घालू लागल्या. नीलव्वानं पदरानं डोळे पुसले, मान हलवली आणि ती गप्प झाली. ते गप्प होणं पार्बताबाईला रडण्याहून जास्त लागलं.

"आपन बोललो अन् पोरीचं तोंडच बंद झालं," ती नवऱ्याला, शेषरावाला म्हणाली. "बापाचं दुख तिनं सांगाव कोनाले?"

"श्याम हाय ना," शेषराव म्हणाला.

"श्याम दिवसभर कामावर. मी हावो ना घरी."

सकाळी ती सुनेपाशी जाऊन बसली. "नीला, रडू नको, हे तुह्या भाषेत कसं म्हनते?"

नीलव्वा हळूच म्हणाली, "अळब्याड."

"अयब्याड," पार्बताबाई म्हणाली.

"अयब्याड नाही, अत्ती," ती सासूला म्हणाली. "अळब्याड."

"तेच तं म्हनून राहिली मी. अयब्याड!"

नीलव्वाला हसू फुटलं आणि हसता हसता पुन्हा रडू आलं. या वेळी मात्र ती सासूच्या खांद्याला टेकून रडली, आणि सासूनं तिला गप्प केलं नाही.

त्या दिवसापासून मळ्यात शिकवणी सुरू झाली. वांग्याला बदनीकाई, कांद्याला उळ्ळागड्डी. कन्नडात पावलोपावली ळ. पार्बताबाई निंदता निंदता जीभ वळवून बघायची, चुकायची, स्वतःवरच चिडायची. शेवटी ळ जमला, तो असा की मराठीतही शिरला. बाजारात तिनं "केळी घ्या, केळी!" अशी हाळी दिली तेव्हा शेजारचा किसनराव म्हणाला, "कावून वो, पुण्याले जाऊन आली काय?"

"गदगले," ती ठसक्यात म्हणाली. गदग तिनं तोवर पाहिलंही नव्हतं.

नीलव्वाला मुलगी झाली. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर तिची आई बसव्वा आपल्या भावाबरोबर नातीला बघायला आली. एसटीतून उतरलेली ती बाई परक्या गावात अंग चोरून उभी होती. पार्बताबाई पुढे झाली, तिचा हात हातात घेतला. "बर्री अक्का, बर्री. ऊटा आतेन्री?" या, ताई, जेवण झालं का?

बसव्वा थबकली. तिनं मागे वळून लेकीकडे पाहिलं, जणू हे शब्द तिकडूनच आले असावेत.

दुपारी दोघी विहिणी ओसरीवर बसल्या. पार्बताबाईनं मोडक्या कन्नडात विचारलं, मालक कसे गेले? बसव्वा सांगू लागली. मिरचीचं रान, त्यांचं आजारपण, नातवंड बघायची त्यांची आस. पार्बताबाईला निम्मं कळत होतं, उरलेलं ती बसव्वाच्या चेहऱ्यावरून समजून घेत होती. अडलं की विचारायची. बसव्वा न कंटाळता पुन्हा सांगायची.

नीलव्वा आधी उंबऱ्यात बसली होती, कुठं शब्द अडला तर मदतीला. बराच वेळ कुणी तिला हाक मारली नाही. मग ती उठली, आत गेली आणि लेकीला कुशीत घेऊन, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, भरदुपारी गाढ झोपली.