गुलाबी शेवाळ आणि माझी कॉर्नवॉल मोहीम

शेवाळ बघायला कोणी सुट्टी घालवतं का? आम्ही घालवली. आमची सई सागरी जीवशास्त्र शिकली. आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या: लंडनच्या बँकेतली नोकरी, म्हणजे स्लाऊच्या आमच्या घरून ये-जा, नाहीतर स्कॉटलंडमध्ये चार वर्षं शेवाळावर संशोधन. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. "आधी माझ्याबरोबर कॉर्नवॉलला चल, मग बोल," म्हणाली. मी एका पायावर तयार! चालत्या गाडीतून पोरगी पळणार कुठे? बँक तिच्या गळी उतरवायचीच, असं ठरवून निघाले.

पहाटे निघालात तर एम-फाइव्ह महामार्ग मोकळा मिळतो. आम्ही आठला निघालो आणि ब्रिस्टलपाशी रखडलो. तिखटामिठाच्या पुऱ्या तिथेच संपल्या. मी बँकेच्या पेन्शनचा विषय काढला, की सुहास, म्हणजे आमचे अहो, गाण्याचा आवाज वाढवायचे. आमचा मुक्काम फॅलमथला होता; तिथे पेस्टी जरूर खा. करंजीची धिप्पाड बहीणच ती! मांस नको असेल तर चीज-कांद्याची मागा.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी छोट्या फेरीबोटीने खाडीपलीकडच्या सेंट मॉझला गेलो. पोहायचा रबरी वेटसूट भाड्याने मिळतो, पण तो चढवायला दोन माणसं लागतात. आणि पाणी? आई गं! ऑगस्टमध्येसुद्धा दात वाजले. पण तोंड पाण्यात घातलं आणि थंडी विसरले. खाली नजर जाईल तिथवर गुलाबी-जांभळे काटेरी खडे, त्यांच्या फटींत इवलेसे खेकडे. गणपतीच्या मखराला काय शोभतील! मी हात घातला.

"आई, टच नको करू!" सई तोंडातली नळी काढून ओरडली. "कोरल नाहीये ते, जिवंत शेवाळ आहे. अंगात चुना भरून दगडासारखं होतं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतं. हा तुकडा माझ्यापेक्षा म्हातारा असेल."

"मग चार वर्षांत तू बघणार काय, कपाळ?"

"तेच तर मोजायचंय! पाणी गरम झालं की याची ग्रोथ कशी बदलते ते."

आणि गेली की परत खाली. वर येऊन श्वास घ्यायची, हसायची, पुन्हा बुडी. दहावीच्या वयात खुर्चीवर दहा मिनिटं न टिकणारी माझी पोर! इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

परतीच्या वाटेत बँकेचं नाव काढलं नाही. रविवारी घरी पोचल्यावर चहा केला आणि मोठ्या मनाने जाहीर केलं, "जा स्कॉटलंडला. माझी परवानगी आहे."

"थँक्स, आई," सई हळूच म्हणाली. "पण मी लास्ट वीकलाच हो म्हटलंय."

"मग एवढ्या लांब कशाला नेलंस मला?"

"मी कशासाठी जातेय, ते तुला दाखवायचं होतं ना."

सुहासना म्हणे सगळं ठाऊक होतं! दोघांवर मनसोक्त चिडले. मग तिला जवळ घेऊन रडले, आणि डोळे पुसून विचारलं, "मला तिकडे कधी नेणार?"