गेटवरची फवारणी

"वळ."

मी वळले.

"आता पाय उचल. दुसरा."

दुसराही उचलला.

मीरा रोडच्या त्या टॉवरच्या गेटवर, वॉचमनच्या केबिनशेजारी, जुना पेपर अंथरलेला असायचा. त्यावर मी उभी. समोर काकू, बाळंतिणीची सासू, हातात झाडांवर पाणी मारायची बाटली, आत जंतुनाशक. आधी तळहात, मग पाठ, मग तळपाय, शेवटी माझी पिशवी. फवारा तोंडाजवळ आला की मी डोळे मिटायचे. शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया तिथेच उभ्या असायच्या. काही जणी सरळ बघायच्या. काही जणी मोबाइलमध्ये डोकं घालायच्या. डोकं घालणाऱ्यांपुढे मला जास्त लाज वाटायची, कारण काय चाललंय ते त्यांना कळत होतं.

मी मालिशवाली. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायचं, आंघोळ घालायची, शेक द्यायचा. एका घरी सव्वा महिना, मग दुसरं घर, कधी दोन घरं एकाच वेळी. आमचं काम तोंडी फिरतं. एका बाळंतिणीने दुसरीला नाव सांगितलं तर पोट भरतं, नाही सांगितलं तर घरी बसायचं. राहायला मी काशीमिऱ्याच्या एका चाळीत. माहेर परभणीकडचं.

बाळाच्या अंगाला हात लावायचा तर स्वच्छता हवीच. ते मला कुणी शिकवायला नको. नखं मी कापूनच ठेवते, बांगड्या काढते, कोपरापर्यंत हात धुते. काकू पहिल्या दिवशीच बाटली घेऊन आल्या असत्या तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण पहिल्या दिवशी बाटली नव्हती. पहिल्या दिवशी सरबत होतं, चांगल्या काचेच्या ग्लासात. मी अर्धा ग्लास प्यायले आणि त्यांनी विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" सांगितलं. "गाव?" तेही सांगितलं. घरात फोटो कुणाचा लावता, ते विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी बाटली आली.

"बाळासाठी गं," त्या म्हणाल्या. "राग नको मानू."

बाळासाठी म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. माझंही झालं. रोज माझ्या डोळ्यांदेखत त्यांची पोळीवाली त्याच गेटमधून आत जायची. तिला पेपर नाही, बाटली नाही. वर जाऊन ती बाळाचे मुके घ्यायची. तिला वेगळं आणि मला वेगळं का, हा विचार मी केला नाही. केला असता तर उत्तर लगेच मिळालं असतं, आणि मग ते घर सोडावं लागलं असतं. मी नवऱ्याला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच नाही. ती कॉलेजात शिकते, जयंतीला माइकसमोर उभी राहून बोलते. तिला काय सांगू? तुझी आई रोज सकाळी पेपरवर उभी राहून गोल फिरते म्हणून?

एके दिवशी गेटवर पेपर नव्हता.

"मैडम ने बोला है सीधा ऊपर आओ, दीदी," वॉचमन म्हणाला.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. लिफ्टच्या आरशात बघून मी पदर नीट केला. काकूंना माझी खात्री पटली, असं मनात आलं. आज त्या पदराची जेवढी लाज वाटते तेवढी पेपरची वाटत नाही.

वर पाळणा रिकामा होता. सून दिसेना.

"दोघांना माहेरी पाठवलंय थोडे दिवस," काकू म्हणाल्या. "तू आज ओवीचं बघ जरा. घामोळं आलंय पोरीला. कडुलिंबाचं पाणी करून ठेवलंय. अंग पुसून दे."

ओवी म्हणजे त्यांची मोठी नात, चार वर्षांची. पडदे ओढलेल्या खोलीत एकटीच पडली होती. मी तिला मांडीवर घेतलं. अंग तापलेलं. कपाळ पुसलं, गळा पुसला, मग फ्रॉक वर केला. पाठभर फोड. पाणी भरलेले, टपोरे.

काकू खोलीत आल्या नव्हत्या. दाराबाहेर उभ्या होत्या, तोंडावर ओढणी धरून.

"काकू, ह्या कांजण्या आहेत."

"असतील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हे बघ, आमच्यात माता आली म्हणतात. आणि तुला काय होणार आहे? तुम्हा लोकांची अंगं काटक असतात."

"पोळीवाली कुठे आहे?"

"तिला सुट्टी दिलीय. तिच्या घरी लहान मूल आहे ना."

मांडीवरून ओवीने विचारलं, "मावशी, खाजवू?" मी म्हटलं, "नको बाळा." तिला खाली ढकललं नाही. तिचा काय दोष? सगळं अंग पुसून दिलं, दुसरा फ्रॉक चढवला, हात धुतले आणि निघाले.

दारात काकू म्हणाल्या, "बाहेर बोलू नकोस हं. सोसायटीत उगाच बभ्रा. तू तुझी कामं चालू ठेव."

माझं दुसरं काम नया नगरमध्ये होतं. तिथलं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलेलं. तेल लावताना माझ्या दोन बोटांत त्याचा दंड मावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याच्याकडे जायचं होतं.

दुपारी मी पालिकेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्हाला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का?" मला आठवेना. बाहेर येऊन गावी आईला फोन लावला.

"तुला न्हाई निगाल्या," आई म्हणाली. "तुज्या भावाला निगाल्या, तवा तुला मामाकडं धाडलं व्हतं."

"इथल्या काकू म्हणतात, माता आली."

"माता-बिता काई नसतं. रोग हाय त्यो."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग तीन आठवडे तान्ह्या बाळांजवळ जायचं नाही. बाळंतिणीजवळही नाही. तुमच्या अंगावर काही दिसायच्या आधीच दुसऱ्याला लागण होऊ शकते."

तीन आठवडे म्हणजे घर गेलंच. सव्वा महिन्याच्या कामात तीन आठवडे कोण थांबतं? आणि कारण सांगितलं की मालिशवालीला रोग लागला म्हणून गल्लोगल्ली बोभाटा होणार. पुढची कामंही गेली. संध्याकाळी भाकरी थापता थापता मी स्वतःची समजूत घालत होते. ताप नाही. पुरळ नाही. कुणाला कळणार आहे? तोंडाला फडकं बांधू. आपल्याला काय होतंय, आपली अंगं काटक असतात.

आणि हात थांबला. काकूंचं वाक्य जसंच्या तसं माझ्या तोंडात आलं होतं. ज्या बाईने माझ्यापासून लपवलं, तिच्याच शब्दांत मी त्या एवढ्याशा बाळाच्या घरापासून लपवायला निघाले होते. तव्यावरची भाकरी करपली. माझीच मला किळस आली.

सकाळी नया नगरला गेले, पण जिना चढले नाही. खालून फोन केला. बाळाची आजी, तिला मी खाला म्हणते, खाली आली.

"खाला, पास मत आओ," मी म्हटलं. "कल जिस घर में थी वहाँ बच्ची को छोटी माता निकली है. मैंने उसको गोद में लिया. डॉक्टर ने तीन हफ्ता मना किया है."

खालाने हात वर केला आणि मी डोळे मिटले. आपोआप. नुसते मिटले नाहीत, मी वळायलाही लागले होते.

"अरे, आँख क्यों बंद की?" खालाने विचारलं.

डोळे उघडले. डोक्यावरून घसरलेला दुपट्टा ती सारखा करत होती. बस, एवढंच. तिथे भाजीच्या गाडीशेजारी, भर रस्त्यात, मला कळलं की माझ्या अंगाला सवय लागलीय. कुणी हात उचलला की माझी पाठ आपण होऊन वळते. इतकी शरम मला त्या गेटवरही कधी वाटली नव्हती.

"उन लोगों को मालूम था?" खालाने विचारलं.

"हाँ."

"तुमको बताया नहीं?"

"नहीं."

ती म्हणाली, "अच्छा किया बोल दिया. लेकिन मालिश तो रुकेगी नहीं. मैं दूसरी देखती हूँ." आणि वर गेली. तिचं चुकलं नाही. ते घर मात्र गेलं.

तीन आठवडे मी घरी बसले. मुलगी विचारत राहिली, शेवटी सांगितलं. पेपर, बाटली, गोल फिरणं, लिफ्टमधला पदर, सगळं. ती रडली नाही, मला जवळही घेतलं नाही. "तू का वळायचीस?" एवढंच विचारलं आणि उठून बाहेर गेली. मला कांजण्या निघाल्या नाहीत. शेजारीण म्हणाली, उगाच घर घालवलंस.

मग काकूंचा फोन. "सून आलीय परत. उद्यापासून ये. आणि येताना डॉक्टरकडून लिहून आण, तुला काही झालेलं नाही म्हणून."

मी गेले. गेटवर पेपर अंथरलेला होता. बसची वाट बघणाऱ्या आया होत्या. पोळीवाली माझ्या शेजारून आत गेली. काकू बाटली घेऊन आल्या.

"लिहून आणलंस?"

"नाही."

"बरं, आधी हे होऊ दे. वळ."

मी पेपरवर पाय ठेवला नाही. वळलेही नाही.

"काकू, आधी तुम्ही सांगा. घरात कोण आजारी आहे?"

"मला विचारतेस तू?"

"तुम्हालाच. मागच्या वेळी तुमच्या घरातून रोग माझ्या मांडीवर आला. तेव्हा ही बाटली कुठे होती?"

आयांचे मोबाइल खाली आले. काकूंनी इकडेतिकडे बघितलं. "हळू बोल," त्या म्हणाल्या. मी हळू बोलले नाही. "पोळीवालीच्या घरी लहान मूल आहे, माझ्या हातात दुसऱ्याचं लहान मूल होतं. तिला सुट्टी आणि मला घामोळं? ते का, तेवढं इथे सगळ्यांसमोर सांगा. मग मी वर येते."

त्यांनी बाटली वॉचमनच्या हातात कोंबली आणि लिफ्टकडे गेल्या. मी वाकून पेपर उचलला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि चालू लागले.

लाज गेली नाही. ती जाणार नाही. इतके दिवस मी वळले होते, ते पुसलं जात नाही. पण आता कुठल्याही नव्या घरी गेले की हात मी धुते, विचारलं नाही तरी माझ्या तब्येतीचं खरं सांगते, आणि मग उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारते, तुमच्या घरात कोण आजारी आहे? कुणी हसतं. कुणी म्हणतं, फार शहाणी आहेस. दोन-तीन घरांनी दार लावून घेतलं, त्यांचे जिने मी उतरले. उत्तर मिळेपर्यंत मी चप्पल काढत नाही.