फडकं निघालं की तोंड फिरवायचं

ये गं, कान इकडे कर. पुण्यात बसून ‘आजी, कांडप कसं चाललंय?’ एवढंच विचारतेस आणि मी ‘चाललंय’ म्हटलं की फोन ठेवतेस. दुसरा प्रश्न विचारायचा असतो बाई. तो तू विचारत नाहीस, म्हणून आज लिहितेच.

बेलापुरातल्या आपल्या मिरची कांडपाला पाटी कधी लागली नाही. होळी झाली की बाया आपोआप यायच्या, आसपासच्या वस्त्यांवरून, पार देवळाली प्रवऱ्याहून. वाळवलेल्या मिरच्यांची पिशवी आणि घरी भाजलेल्या मसाल्याचं ताट. ताटावर फडकं. रीत एकच, फडकं निघालं की बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. कुणाचं खोबरं कमी असतं, कुणी लवंगा मोजून घालतं. मी आपली मिरची कांडणाऱ्या डंकीच्या खालीवर होणाऱ्या मुसळांकडे बघायचे. या एका रीतीवर इतकी वर्षं बाया येत राहिल्या.

गेल्या उन्हाळ्यात तू आलीस. म्हणालीस, ‘आजी, एवढं नाव तुझं आणि नेटवर तू कुठेच नाहीस!’ मला हसूच आलं. तू व्हिडिओ काढायला लागलीस तेव्हा डंकीपाशी माझी मैत्रीण होती. दर हंगामाला पहिली येणारी, मला ‘कारभारीण’ म्हणून चिडवणारी. तिनं फडकं काढलं. मी तोंड फिरवलं. मोबाईलचं तोंड कुणी फिरवलंच नाही. नंतर नेटवर टाकताना तू विचारलंस, ‘चालेल ना? नुसते हात आहेत, तोंड कुणाचंच नाही.’ मी म्हटलं, ‘चालतंय की.’ चूक ती माझी. तिच्या मनगटावरचं विंचवाचं गोंदण सगळं गाव ओळखतं.

तिला ते साल ओढाताणीचं होतं. ताटात मूठभर खोबरं, चार लवंगा, बाकी सगळे धने.

तू फोनवर ओरडलीस, ‘आजी, व्हायरल!’ कुठून कुठून लोक विचारायला लागले, पाकीट केवढ्याला? आपण मसाला विकत नाही, कांडून देतो, हे किती जणांना सांगणार? मोबाईलवर लाल बदाम पाठवणारं माणूस मिरच्या घेऊन एसटीनं बेलापूरला येत नाही गं.

गावातल्या बायांनी मात्र ताट बघितलं. बचत गटाच्या ग्रुपवर ते फिरलं. फिरत फिरत तिच्या लेकीच्या सासूपर्यंत गेलं. सासू म्हणाली, ‘तुज्या माहेरचा डबा येतो त्यो ह्योच व्हय? नुसती धन्याची भुकटी!’ तू नेटवरून व्हिडिओ काढून टाकलास, पण सासूच्या मोबाईलात तो होताच.

मी तिच्या घरी गेले. ओसरीवर शेंगा फोडत होती. चहा दिला.

‘माझं चुकलं,’ मी म्हटलं.

‘तुजं काय चुकलं? तू तर तोंड फिरवलं हुतं. मी बघितलं ना.’ मान वर नाही केली. मग म्हणाली, ‘च्यात साखर हाय का बग.’

पुन्हा शेंगा फोडायला लागली. कारभारीण सुद्धा म्हणाली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

यंदाची होळी होऊन महिना झाला. दिवसाला एखाद-दुसरी बाई येते. फडक्याला हात घालायच्या आधी भिंतीकडे, वर आढ्याकडे बघते. ‘मोबाईल चालू न्हाई ना कुटं?’ बाकीच्या श्रीरामपूरला जातात, तिथं कुणी कुणाचं ताट ओळखत नाही. ती आलेली नाही. मी सकाळी डंकी पुसते आणि स्टुलावर बसते. वाईट वाटतं का, विचारशील तर सांगता यायचं नाही. रडू येत नाही. पायाला मुंग्या येऊन पाय आपला वाटेनासा होतो ना, तसं आतून झालंय. हंगामात मला सदा ठसका लागायचा. यंदा एकदाही लागला नाही, हे परवा ध्यानात आलं. आलं, आणि मी तशीच बसून राहिले.

तू नेटवर काढलेल्या आपल्या पानावर पाचच्या पाच तारे आहेत म्हणतेस. असू देत. तिच्या ओसरीवर ते काय कामाचे? मी आपल्या घरच्या मिरच्या वाळवून ठेवल्यात. तू आलीस की मसाला भाजू, ताट भरू, आणि दोघी तिच्या दारात जाऊ. फडकं मी काढीन. तिनं खुशाल बघावं, हसावं, नावं ठेवावीत. तुला बोलायला सुचलं नाही तर तिच्या शेंगा फोडू लाग.

येत्या रविवारीच निघ. मोबाईल पिशवीत ठेव आणि लवकर ये गं.