सगळा लॉग वाचणारे डॉमनिक काका

सर्व्हरवर सॉफ्टवेअरचं पॅकेज इन्स्टॉल होत असताना डॉमनिक काका चहालाही उठायचे नाहीत. काळ्या स्क्रीनवर ओळी धावू लागल्या की बोट काचेवर टेकवून वाचत बसत. मीरा रोडच्या त्या छोट्या ऑफिसात आम्ही बाकीचे पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमची लॉग लेव्हल, त्याने किती बोलायचं ती पातळी, ‘एरर’वर ठेवायचो, म्हणजे काही मोडलं तरच तो तोंड उघडणार. काकांच्या सर्व्हरवर मात्र ‘व्हर्बोज’. काय उतरलं, काय जुनं झालं, सगळं दिसलं पाहिजे.

“मशीन सांगतंय, तर आयकाला तुमचं काय जातं रं?” ते म्हणायचे. आम्ही हसलो की, “हसा. पिवली ओल दिसली का मना झोप न्हाय लागत.” पिवळी ओळ म्हणजे इशारा. त्यांनी एकही कधी सोडली नाही.

एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट काकांच्या सर्व्हरवरून जायचे. एकदा त्या लॅबच्या मालकांना नव्या कामाचा डेमो द्यायचा होता. त्यांच्यासमोर पिवळ्या ओळी नकोत म्हणून मी काकांच्या सर्व्हरच्या सेटिंग फाईलमध्ये लेव्हल ‘एरर’ केली आणि विसरून गेलो. पुढच्या आठवड्यात काकांनी विचारलं, “आज येकपन ओल न्हाय. असं कसं?” मी फोनमधून डोकंही वर न काढता म्हणालो, “नवीन व्हर्जन आहे काका, कमी बोलतं.” त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

त्या दिवशी बसवलेलं एक पॅकेज बाकीच्यांशी जुळणारं नव्हतं. इशारा आलाच असता, पण मी तो बंद केला होता. लॅबचे रिपोर्ट दिवसभर अडकले, पेशंट खोळंबले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे साहेब सगळ्या ऑफिससमोर काकांना म्हणाले, “अंकल, उमर हो गयी है. अब आराम करो.” काका खाली बघत पुटपुटले, “माजीच नजर चुकली.”

मला सेटिंग तेव्हाच आठवलं. मी बोललो नाही. घाबरलो, दुसरं काही कारण नाही. दुपारी गुपचूप लेव्हल पुन्हा ‘व्हर्बोज’ करून टाकली. संध्याकाळी काका डबा घेऊन निघाले ते कायमचेच.

दोन महिने मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी पालीला त्यांच्या घरी गेलो. काकी औषधाच्या बाटलीवरचं नाव त्यांना वाचून दाखवत होत्या. मला म्हणाल्या, “सोता काय वाचत न्हाय आता. डॉक्टर बोलला डोले बरे हायत, पन आयकत न्हाय.”

मी सगळं सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“बाला, चांगला हायस तू. पन माज्यासाठी खोटं नको बोलू.”

“खरं सांगतोय काका. लेव्हल मी बदलली होती!”

“निगायच्या आदी मी फाईल उगडून बगितली. व्हर्बोजच होती. ओली आल्या असनार. मनाच दिसल्या न्हाय.”

त्या दुपारी ती मीच पुन्हा ‘व्हर्बोज’ केली होती, हे मी तीन-तीनदा सांगितलं. ते नुसते मान हलवत राहिले. काकींनी चहा आणून समोर ठेवला. भर उजेडात, चांगल्या डोळ्यांचा तो माणूस हाताने चाचपडत कप शोधू लागला.