झाडून ठेवलेली रानवाट

जानेवारी, रविवार. सकाळी दाट धुकं, वारा नाही, गवत चिंब ओलं.

त्या दिवशी रोजनिशीत एवढंच लिहून मी थांबलो. पुढची फजिती कागदावर उतरवायचा धीर होईना. पण तुम्ही आलाच आहात, चहाही टाकलाय, तर तोंडीच सांगतो.

झरी गावाच्या बाजूला एक लहान निसर्ग केंद्र होतं. मी तिथे देखरेखीला. हिवाळ्यात दर रविवारी मीनलताई डहाणूहून यायच्या आणि पाड्यावरच्या मुलांना रानवाटेने फिरवून काहीतरी दाखवायच्या. या रविवारी केंद्राचे विश्वस्त शेठ स्वतः येणार होते. कार्यक्रम बघून, केंद्र ठेवायचं की बंद करायचं ते ठरवणार होते.

शनिवारी ताईंचा फोन. "काका, उद्यासाठी काही करू नका हं. वाट आहे तशीच राहू द्या."

"विषय काय ठेवलाय?"

"तो मुलांना उद्याच सांगणार. तुम्ही फक्त काही करू नका."

आता मला सांगा, आपल्याकडे पाहुणा 'काही करू नका' म्हणतो तेव्हा आपण काय करतो? कुकर लावतोच ना? मीही तेच केलं. बायकोला बोलावलं, लांब बांबूला झाडू बांधला आणि वाटेवरची सगळी जळमटं काढली. करवंदीच्या झुडपांतली, कुंपणावरची, चिकूच्या फांद्यांमधली.

"घरात माळ्यावर दोन वर्षं जळमटं लोंबतायत," बायको म्हणाली. "तिथे तुमचा हात पोचत नाही."

"घरी शेठ येत नाहीत."

रात्रीत पुन्हा धरू नयेत म्हणून झुडपांवर फिनेलचं पाणीही मारलं. निसर्ग केंद्रात, फिनेल. मला हे कसं सुचलं, विचारू नका.

सकाळी मुलं रांगेत उभी, शेठ मफलर गुंडाळून. ताई खुशीत होत्या. "मुलांनो, धुकं पडलंय, यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही. कोळ्यांच्या जाळ्यांवर दव साचलेलं असेल. आज आपण फक्त जाळी बघायची."

मी हळूच रांगेच्या मागे सरकलो.

पहिलं वळण, काही नाही. दुसरं वळण, फिनेलचा वास. ताई प्रत्येक झुडपापाशी वाकत होत्या आणि दर वेळी जरा सावकाश उठत होत्या.

"ताई, कोळी गावाला गेलं काय?" एका मुलीने विचारलं.

"थंडीने मेलं असतील," दुसरी म्हणाली.

मी बायकोला बाजूला घेतलं. "संडासामागची खिडकी तरी राहिली असेल?"

"ती तर मी पहिली पुसली. शेठना जायचं झालं तर?"

शेवटी शेठच थांबले. "मॅडम, इथे तर कायच नाय."

मग मलाच बोलावं लागलं. "शेठ, जाळी होती. ताई नको म्हणाल्या होत्या, तरी मी काढली."

"एवढ्या वाटेवरची सगळी?"

"एकही ठेवलं नाही."

शेठ मागे वळून अख्खी वाट बघत राहिले. "एका दिवसात? काम एकदम चोख हाय तुमचं."

ताई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. रिक्षात बसताना फक्त म्हणाल्या, "काका, मी खरंच म्हणाले होते."

फेब्रुवारीपासून केंद्र बंद झालं. मुलं येत नाहीत, ताईही येत नाहीत. जागा आता लग्नांना भाड्याने देतात. साफसफाई माझ्याकडे आहे.