चुंबकाच्या दाराशी

त्या वर्षी मी जोतिबाला जाणं बंद केलं होतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी ग्राइंडर चालवत असे. एका दुपारी झटके येऊन मशीनपाशीच कोसळलो. मेंदूत गाठ निघाली. ती कसली आहे हे नीट कळायला मुंबईत नुकत्याच आलेल्या एमआरआय यंत्रात तपासणी करायला सांगितलं. दर रविवारी जोतिबाचा डोंगर चढणाऱ्या माणसाच्याच वाट्याला हे का, या विचाराने मन कडू झालं होतं. निघताना बायको गुलाल लावायला आली, तर मी तोंड फिरवलं. त्याची लाज अजून वाटते.

मुंबईच्या इस्पितळात तंत्रज्ञाने विचारलं, अंगात कुठे धातू आहे का, सळई, स्क्रू? मी नाही म्हटलं. खरंच काही आठवलं नव्हतं. शेजारी एक वयस्कर मुसलमान गृहस्थ आपल्या आजारी पत्नीला सावरत बसले होते. माझी नि सोबत आलेल्या बायकोची बोली ऐकून ते वळले.

“पावणं, कोल्हापूरचं न्हवं?”

“व्हय. शिरोलीत फौंड्रीत हाय.”

“मी बी तिकडचाच. तीस वर्सं लेथवर काढली.” मग त्यांनी विचारलं, “डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलता काय?”

“गेलता की. डॉक्टरनं काढला.”

“समदा निघाला का?”

“काय ठावं.”

“आत लई मोठं लोहचुंबक हाय. हिला मागल्या खेपंला आणलं, तवा माझ्या खिशातल्या किल्ल्या ओढल्या त्यानं. जाऊन सांगा त्यास्नी.”

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी तसाच आत गेलो असतो, पण बायको उठली आणि तिने सगळं सांगितलं. तंत्रज्ञाने मला दारातच थांबवून एक्स-रेला पाठवलं. उजव्या डोळ्यात खोलवर लोखंडाचा बारीक कण दिसला. चुंबकाने तो हलला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही परत येईपर्यंत बाकावर कोणी नव्हतं. साधं नावही विचारायचं राहून गेलं.

कण काढल्यावर तपासणी झाली. गाठ क्षयाची असावी, औषधांनी विरघळेल, असं निदान झालं. वर्षभर गोळ्या घेतल्या. पुन्हा तपासणी केली, तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडावर शेजारी शेजारी लावल्या. सुपारीएवढ्या गाठीच्या जागी आता मोहरीएवढा ठिपका उरला होता.

देवच भेटला, असं गावातले म्हणतात. मला ठाऊक नाही. मला भेटला तो आपल्याच दुःखाने वाकलेला माणूस होता, तरी त्याने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी डोंगर चढलो तो मनातल्या मनात हिशेब मांडत. चढलो, म्हणून माझं भलं व्हावं. शरण जाणं त्यात कुठे नव्हतंच. आता मंदिरात उभा राहतो तेव्हा स्वतःसाठी काही सुचत नाही. बाकावरच्या त्या आजारी बाईंची दुसरी फिल्म कशी आली असेल, एवढंच मनात येतं, आणि हात जोडले जातात.