बिनकल्हईचा गंज

दही विकत आणायची पाळी माह्यावर येईल, असं कोणी सांगितलं असतं तं मी त्याले हसली असती. आता दर बाजाराले इचोड्यातून दह्याचं पाकीट आणते. माह्या अन् माह्या धाकट्या जावेच्या अंगणात एकच भिंत, भिंतीत एक लहानसं दार. संध्याकाळी तिचं विरजण इकडं यायचं, नाही तं माहं तिकडं जायचं. मालक गेले, पोरगा हैदराबादले राहाले गेला, तरी त्या दारामुळं घर खाली वाटत नव्हतं. आता तिकून कडी लागली आहे.

झालं ते असं. आमचा बायकायचा गट शाळेतल्या लेकरायचं दुपारचं जेवण रांधायचा. मी गटाची अध्यक्ष, जाऊ स्वयंपाकाले. अध्यक्ष म्हंजे काय, तं सह्या करायच्या अन् बोलणी खायची. एका दुपारी जेवल्यावर लेकरं ओकू लागली. वर्गात, व्हरांड्यात, नळापाशी. दवाखान्यात नेली, सलाइन लागली, सारी सुखरूप घरी आली. पण त्या दुपारी एका मायचं रडणं ऐकलं, ते अजून कानात आहे.

मी शाळेच्या सैपाकखोलीत गेली. कोपऱ्यात एक मोठा पितळी गंज पालथा घातलेला. पातेल्याले आमी गंज म्हणतो. तो जावेच्या घरचा. आत हात फिरवला तं कल्हई पार उडालेली, कडेले हिरवट डाग. त्यात तिनं अंबाडीचं आंबट वरण शिजवलं होतं. आमच्या बाजूच्या कोणत्याही बाईले झोपेतून उठवून विचारा, बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकते, हे तिले माहीत असते. मग हिनं काऊन केलं? कारण, गटातल्या एकीनं मग सांगितलं, शाळेचा गंज तिनं भावाच्या घरच्या लग्नाले नार्नूरले वापराले दिला होता, अन् तो वापस आला नव्हता. शाळेचं भांडं बाहेर द्यायचं नाही, हा नियम आमचाच. ते उघडं पडू नये म्हणून हिनं घाईत घरचं उचललं. मी विचारलं तं तिनं मान खाली घातली, अन् डाळच खराब होती म्हणाली.

संध्याकाळी गट माह्या ओसरीत बसला. साऱ्यायचं एकच, डाळीवर ढकलून द्यायचं. डाळ देणारा दुकानदार परका आहे, त्याचं तो पाहून घेईल. गटाचं नाव गेलं तं काम जाईल. अन् तुमची जाऊ आहे, तुमी तरी समजून घ्या. मले अशी तिडीक आली! ओकून ओकून पडली ती लेकरं काय परक्याची होती? उद्या पुन्हा त्याच गंजात शिजलं तं? जाऊ दारापाशी बसली होती. ती नुसती माह्याकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत सभा झाली. मायबाप होते, हेडमास्तर होते, मुआयन्याले, म्हंजे तपासणीले, आलेले साहेब होते. मले साहेबाजवळ खुर्ची दिली. गटातल्या बाया समोर सतरंजीवर, जाऊ त्यायच्यात. मी गंज मधात ठेवला अन् साहेबासाठी अर्धं तेलुगूत, मायबापासाठी अर्धं मराठीत सारं सांगून टाकलं. चूक डाळीची नाही, आमची आहे. अध्यक्ष मी होती, तं पहिले मी हटते. आजपासून रोज एक माय येऊन भांडे पाहील, अन् रांधणारी लेकरायच्या आधी स्वतः जेवेल. लोक लय चिडले, मग हळूहळू शांत झाले. दुकानदार वाचला. जावेचं काम गेलं. गट टिकला, अन् रोज कोणती ना कोणती माय अजून येते.

माह्याकडं मात्र कोणी येत नाही. हळदीकुंकवाले बोलावणं नाही, पापड लाटाले हाक नाही. लेकरायच्या माया रस्त्यात नमस्कार करतात अन् पुढं जातात. त्या नमस्काराले काय चुलीत घालू? संध्याकाळी बोलाले कोणी नसते, तं टीव्हीतल्या बायकायशी भांडते. खरं सांगते, लय एकटं वाटते.

या हिवाळ्यात कल्हईवाला आला. आता तो कुठं येतो, एखाद्या वर्षी आला तं आला. त्यानं चावडीसमोर भट्टी लावली. मी माहे भांडे घेऊन गेली, तं जाऊ आधीच बसलेली, तोच गंज घेऊन. त्यानं गंज तापवला, नवसागर टाकला, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं. आतून गंज पांढराशुभ्र झाला. आमी दोघी त्यातच पाहत होतो. मग ती माह्याकडं न पाहता बोलली.

"बाई, तुमी बोलल्या ते सारं खरं होतं. पण तुमी साहेबाजवळच्या खुर्चीत बसून बोलल्या. माह्याजवळ खाली बसल्या असत्या, तं मी सोताच उठून सांगितलं असतं."

गंज उचलून ती गेली. मी माहे भांडे भट्टीकडं सरकवले. पुन्हा तशी वेळ आली तं मी तेच बोलीन, एक शब्द कमी करणार नाही. पण ती खुर्ची घेणार नाही.

घरी येऊन दूध कोमट केलं, पाकिटातल्या दह्याचं विरजण लावलं. दोन वाट्या लावल्या. एक त्या दाराच्या उंबऱ्यावर झाकून ठेवली, अन् दारावर दोनदा बोटं वाजवली. सकाळी पाह्यलं तं वाटी तिथंच होती. दही चांगलं घट्ट लागलं होतं. ते मी एकटीनं खाल्लं.